तळाशी बसलेला साका

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काल सुमनताई आल्या. कारखान्यामागच्या वस्तीत राहतात. बोअरचं पिवळसर पाणी बाटलीत भरून आणलं होतं. "सर, यात काय आहे ते बघता का?"

मी परीक्षानळीत पाणी घेऊन अमोनियाचे थेंब सोडले. उग्र वासाने ताईंनी पदर नाकाला लावला. नळीत तांबूस-तपकिरी साका धरला आणि हळूहळू तळाशी बसला. पाण्यात भरपूर लोह होतं. विरघळलेलं लोह नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही, अमोनिया ते बाहेर काढून दाखवतो. इतकी वर्षं शिकवूनही मला त्याचं कौतुक वाटतं.

वरचं पाणी नितळ झालेलं पाहून ताईंचा चेहरा उजळला. "मग हे आता पिता येईल?"

"नाही ताई. त्यात अमोनिया आहे. शिवाय आणखी काय काय असेल, ते मलाही ठाऊक नाही."

त्या जरा वेळ नळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे नुसतं कळलं."

आयुष्यभर नुसत्या कळण्यालाच मी मोठं मानत आलो होतो.

"इथल्या नळाचं भरून नेऊ का?" त्यांनी विचारलं. "धाकटीला आजच्यापुरतं होईल."