मैदानात लावलेली पोपटी

महिपतीतात्या आमच्या रोह्याच्या शाळेत शिपाई होते आणि मी तिथेच मराठीचा मास्तर. माणूस तिरसट. मुख्याध्यापकसुद्धा त्यांना चहा सांगताना आधी घसा खाकरत. पण थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की निडीपासून कोलाडपर्यंत सगळ्यांना हाच तिरसट माणूस हवा असे. कारण पोपटी लावावी तर तात्यांनीच. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. कृती एवढीच. जाळ कधी काढायचा, तिथे भले भले फसत. तात्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकत, ते चर्र करून उडाले की म्हणत, "झाली. काढा."

त्यांची एकुलती मुलगी सुनीती. मुंबईला नोकरीला गेली आणि तिथल्याच कमळाकर नावाच्या मुलाशी लग्न ठरवून तिने वडिलांना पत्र टाकलं. विचारलं नाही, कळवलं. तात्यांनी पत्र फाडलं आणि सहा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. नात झाली, ईरा, चार वर्षांची झाली, तरी नाही. मी मध्ये तोंड घातलं की म्हणायचे, "मास्तर, तुमी तुमचं व्याकरण बघा."

त्र्याण्णवच्या संक्रांतीला सुनीतीचं पत्र आलं. 'बाबा, एकदा या. ईरा विचारते.' हे पत्र मात्र फाटलं नाही. दीड महिना ते खिशात घेऊन तात्या शाळेची घंटा देत राहिले. शेवटी मला म्हणाले, "चला माज्यासंगं. तिकडं पोपटी लावू. नातीनं खाल्ली पायजे." लेकीचं नाव काही तोंडातून निघेना.

आम्ही निघायच्या बेतात होतो आणि बारा मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. एका दुपारी शेकडो माणसं गेली. स्फोटकांचा माल आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला म्हणून गावात कुजबुज सुरू झाली. आता जाऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. तात्या म्हणाले, "शेवटच्या शेंगा हायत. ह्या गेल्या की वरीसभर थांबायला लागंल." पंधरवड्याने आम्ही एसटीत बसलो. तात्यांनी मडकं मांडीवर घेतलं होतं.

रविवारी सकाळी सुनीतीच्या कॉलनीमागच्या मैदानात गेलो. झाडांना नवी पालवी होती, खाली वाळक्या पानांचा सडा. इतके दिवस घरात दबून बसलेली माणसं बाहेर पडली होती. कुणी चटया टाकून डबे उघडलेले, पोरांचं क्रिकेट चाललेलं, आणि चांगली पोक्त माणसं मैदानाला फेऱ्या मारत होती. तात्या त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मास्तर, हे कुटं चाललेत?" कुठेच नाही, व्यायाम आहे, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

आदल्या संध्याकाळपासून बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. "तिला सांगा, पाणी दे," असं माझ्यामार्फत चाललं होतं. मला तर दोघांच्याही एक एक ठेवून द्यावीशी वाटत होती. तात्यांनी कोपऱ्यात मडकं उलटं मांडलं, भोवती वाळका पाला रचून पेटवला आणि राखण करत बसले. आम्ही चौघं तीस-चाळीस पावलांवर झाडाखाली होतो. धूर वर गेला तशी माणसं माना वळवू लागली. थोड्याच वेळात एक हवालदार आला. दोघांचे चढे आवाज आमच्यापर्यंत येत होते.

"हे काय आहे?"

"मडकं."

"ते दिसतंय. आत काय भरलंय?"

"भरायचं ते सगळं भरलंय."

"कुणी भरलं?"

"मी. आमच्याकडं माज्यासारखं कोणाला भरता येत नाय."

"आणलं कुठून?"

"रोह्याहून. रायगड जिल्हा."

हवालदार दोन पावलं मागे सरला. "उघडा ते."

"आता नाय. वीस मिन्टं हायत अजून. मदीच उगडलं तर सगळा सत्यानाश."

मला आधी हसू फुटलं. तेवढ्यात कुणीतरी "बॉम्ब!" म्हणून ओरडलं आणि सगळं मैदान उठून पळत सुटलं. चटया तिथेच, डबे तिथेच. एक बाई पडली, तिला ओलांडून लोक धावले. आम्हीही लोटालोटीत कुंपणापर्यंत गेलो. मागे पाहिलं तर आणखी दोन पोलीस आले होते, त्यांनी तात्यांचे दंड धरून त्यांना मडक्यापासून ओढत लांब नेलं होतं. तात्या ओरडत होते, "करपंल ओ! करपंल!"

"हा कुणाचा माणूस आहे?" हवालदाराने कुंपणाकडे पाहून विचारलं. "ओळखतं का कुणी?"

कमळाकरने सुनीतीचं मनगट धरलं. "थांब. लोक बिथरलेत. मारतील." त्याच्या कडेवर ईरा रडत होती. आणि मी? पंचवीस वर्षं पोरांना 'मोठ्याने बोल' म्हणून दरडावणारा मास्तर! उगाच सबबी सांगत नाही. मी घाबरलो आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

तात्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. मग मान फिरवून हवालदाराला म्हणाले, "कोणी नाय. मी एकटाच आलोय."

सुनीतीने हात हिसडून सोडवला. "मी ओळखते!" ती किंचाळली. "माझे वडील आहेत ते!" आणि रिकाम्या मैदानातून सरळ मडक्याकडे चालत सुटली. हवालदार ओरडला, शिट्ट्या झाल्या, ती थांबली नाही. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन तिने मडक्यावर शिंपडलं. वाकून कान दिला. मग काटकीने जाळ बाजूला सारला, पदराने धरून मडकं सुलटं केलं आणि पाला उपसला. वाफ निघाली. एक शेंग काढून, सगळ्या मैदानादेखत तिने ती सोलून तोंडात टाकली.

पोलिसांचे हात आपोआप सैल झाले. तात्या आले ते तिच्यासमोर मातीत मटकन बसले. मी तोपर्यंत जवळ पोचलो होतो, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मीठ बराबर हाय का गो?" त्यांनी तिला विचारलं.

सुनीतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने शेंग चावून संपवली.

"नाय," ती म्हणाली. "कमी हाय."