अप्पर दिवा खाली आलाच नाही

अक्कलकोट रस्त्यावरचं ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. नुकताच अंधार पडला होता. मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेल्या एका मेंढपाळाला गाडीनं उडवलं. दुधनीच्या एका टेम्पोचालकानं त्याला हौद्यात घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं, आणि आमच्या पोलीस ठाण्यात आधी आणून बसवला गेला तो हाच! टेम्पोही आवारात लावून घेतला.

"मी मागनं आलो की साहेब. माणूस आदीच पडला हुता," एवढंच तो सांगत राहिला. मला ते खरं वाटत होतं, पण नुसत्या वाटण्यावर तपास चालत नाही.

दुसऱ्या दिवशी खबर आली. जुळे सोलापुरातली एक नवीकोरी कार बंपर फुटून गॅरेजला लागली होती. मालक चांगले शिकलेले. धडक त्यांनी कबूल केली, पण खापर फोडलं टेम्पोवर. "तो टेम्पो समोरून अप्पर लावून आला. माझे डोळे दिपले. मेंढपाळ दिसलाच नाही." आता बिचारा टेम्पोवाला आरोपी होणार, अशी वेळ आली.

चौकशीत मी आवाज चढवत नसे. समोरच्याला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलू द्यायचं, ही माझी पद्धत. चहा मागवला, गाडीचं कौतुक केलं. गृहस्थ खुलले.

"दिव्यांना हात लावावा लागत नाही, साहेब. समोरून वाहन आलं की अप्परचा लांब झोत आपोआप खाली येतो."

"त्या दिवशीही तसंच चालू होतं?"

"कायम चालूच असतं."

मेंढपाळाची बायको त्या वेळी त्याच्यासोबत होती. तिला मी पुन्हा विचारलं, "मावशी, काय दिसलं?"

"गाडी न्हाय दिसली सायब. नुसता पांढरा उजेड. धडकस्तवर डोळ्यावरच हुता, जरा बी खाली गेला न्हाय."

मग पंचांसमक्ष, त्याच जागी, त्याच वेळेला ती कार चालवून पाहिली. समोरून तोच टेम्पो आणला, तर अप्पर झटकन खाली. टेम्पो बाजूला घेऊन दोन शिपाई कडेनं चालवले, तर उजेड जसाच्या तसा. "व्हय, आसाच हुता," शेजारी उभ्या केलेल्या मावशी म्हणाल्या. म्हणजे त्या वेळी समोर टेम्पो नव्हताच.

गृहस्थांचा चेहरा उतरला. फोन बघत गाडी चालवत होतो, असं त्यांनी कबूल केलं. टेम्पोवाल्याला पकडल्याचं पेपरात वाचून त्यांनी बाकीचं रचलं होतं.

याहून मोठे गुन्हे मी उघडकीला आणले, पण सगळ्यांत जास्त अभिमान मला या तपासाचा आहे. त्या दिव्यांना समोरच्या गाडीचे दिवे कळतात, पायी चालणारा माणूस कळत नाही. त्याला बघायचं काम स्टिअरिंगवर बसलेल्याचंच. आणि मदत करणारा माणूस ठाण्यातून ताठ मानेनं बाहेर पडला पाहिजे, हे काम आमचं.

टेम्पोची किल्ली मी स्वतः त्याच्या हातात दिली. तरी तो जाईना.

"काय रे?"

"साहेब, हौद्यात त्या माणसाचं रगत हाय. तुमी धू नको म्हणला हुता. आता धुतलं तर चालतंय न्हवं?"

बादली मीच भरून आणली.