उताण्या शर्यतीचं टेंगूळ

केळीच्या चिकाचा वास आला की रावेरच्या मळ्यातली आमची विहीर आठवते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. परदेशात बायका उताणं पोहण्याची शर्यत लावतात, असं थोरल्या अक्कानं वर्तमानपत्रात वाचलं आणि आम्ही दोघी कमरेला केळीचे खांब बांधून चोरून पाण्यात उतरलो. उताणं पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून जिचं डोकं आधी पलीकडच्या भिंतीला आपटेल ती जिंकली, असं ठरलं. वर गोल आभाळ सरकत राहिलं आणि ठक्क! परकरांवरचे चिकाचे काळे डाग बघून आईनं आम्हाला फैलावर घेतलं. मग अक्काच्या डोक्याला तेल लावताना आईचं बोट टेंगळावर थांबलं. “म्हंजे तूच जितली तं!” ती हळूच म्हणाली. शर्यतीचा नियम तिला कुणीच सांगितला नव्हता. आई कुठल्या विहिरीत जिंकली होती, की हरली होती, ते विचारायचं राहूनच गेलं.