तायडीनं परत घेतलेलं माप

लेकीचं कौतुक करायला काकूंना निमित्त लागायचं नाही. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी, टेप तिच्या दंडाभोवती तसाच, आणि काकूंची गाडी सुरू. "आमची तायडी सोनोग्राफीची डॉक्टर! दिवस भरून गेले नि कळा येईनात, तर औषध देऊन कळा आणायच्या का, ते तिला विचारतात. गर्भपिशवीचं तोंड किती आखूड झालंय ते ती मशीनवर मोजते. आखूड असलं तर औषध लागू पडायची आशा. लांबच असलं तर दिवसभर हाल काढून शेवटी बहुतेक ऑपरेशनच!" बिचारी बाई म्हणायची, "काकू, हात खाली घेऊ का?"

आता काकूंचं स्वतःचं म्हणाल, तर त्यांनी उभ्या जन्मात एक माप चुकल्याचं कबूल केलं नव्हतं. ब्लाउज दंडात घट्ट झाला की गिऱ्हाइकालाच सुनवायच्या, "तूच सुटलीस गं!"

तर अशा या घरात सूनबाईचे दिवस भरून वर गेले आणि कळांचा पत्ता नाही. तिच्या थोरल्या बहिणीचे बाळंतपणातल्या ऑपरेशनचे टाके पिकले होते, बाई कितीतरी महिने अंथरुणाला खिळली होती. तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की सूनबाईला कापरं भरायचं. मोठे डॉक्टर म्हणाले, तायडी एकदा बघेल, मग ठरवू.

सोनोग्राफी म्हणजे भरपूर पाणी प्यायचं, हे काकूंना पाठ. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी सुनेला बाटलीभर पाणी पाजलं, वर दुसरी बाटली. "पी गं मुकाट्यानं. डॉक्टरची आई आहे मी!"

एरवी तायडी प्रत्येकीला आधी विचारायची, लघवीला जाऊन आलात ना? त्या दिवशी टेबलावर घरचं माणूस. भावजय घाबरलेली, तायडी तिची समजूत घालण्यात गुंतलेली. विचारायचं राहिलंच. माप लांब आलं. पुन्हा घेतलं, तरी लांबच. तिनं जड मनानं तसं सांगितलं आणि मोठे डॉक्टर म्हणाले, "मग उगाच हाल नकोत. ऑपरेशनची तयारी करा."

सूनबाईनं हंबरडाच फोडला. तायडीचा भाऊ अजून वाटेतच होता, धीर द्यायला काकूच काय त्या. नर्स ऑपरेशनचे कपडे घेऊन आली, तशी सूनबाई हुंदके देत म्हणाली, "आधी मला बाथरूमला जाऊ द्या हो. आईंनी दोन बाटल्या पाजल्यात."

तायडीनं कपाळावर हात मारला. "अगं आई! पाणी पोटावरून बघायच्या तपासणीला पाजतात. ही खालून करतात. लघवीची पिशवी भरलेली असली की दाब येऊन ते तोंड उगाचच लांब दिसतं!"

काकू दाराकडे वळल्या. "मी सांगते डॉक्टरांना. माझीच अक्कल शेण खायला गेली."

"तू गप बस. विचारायचं काम माझं होतं."

आणि ती तडक गेली. काकू मागोमाग दारापर्यंत. आत डॉक्टर, नर्सा, भूल देणारे, सगळे जमलेले. तायडी म्हणाली, "सर, माझं माप चुकलं. लघवीची पिशवी भरलेली होती, मी विचारलं नाही. परत मोजू द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "घरचं माणूस म्हणून आता आखूड निघणार का?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तायडीचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तुम्ही शेजारी उभे राहा. मोजते मी, आकडा तुम्ही वाचा. लांबच निघालं तर ऑपरेशनसाठी मीच तिला समजावते."

काकूंच्या डोळ्यांसमोर त्यांची सगळी 'सुटलेली' गिऱ्हाइकं रांगेनं उभी राहिली. आपल्या पोटी ही पोर कुठून आली, असं वाटलं नि ऊर भरून आला.

सूनबाई बाथरूमला जाऊन आली, तायडीनं परत मोजलं, आकडा डॉक्टरांनीच वाचला. चांगला आखूड होता. "औषध सुरू करा," ते म्हणाले, आणि तायडीकडे वळून, "बरं झालं बोललात."

"आता होईल ना ताई नीट?" सूनबाईनं तिचा हात घट्ट धरला.

"आशा चांगली आहे गं. पण शब्द देत नाही. मशीन अंदाज सांगतं, बाकीचं तुझ्या अंगात."

दुपारनंतर कळांनी जोर धरला. तायडी भावजयीच्या उशाशी उभी होती. काकू बाहेर बाकावर, आणि नवल म्हणजे शेजारच्या बाईला एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवे लागता लागता आतून टॅहँ ऐकू आलं. मुलगी झाली होती. ऑपरेशनची पाळी आली नव्हती, माय-लेक सुखरूप होत्या.

काकू आत शिरल्या. तायडी भिंतीला टेकून उभी होती, केस विस्कटलेले, डोळे लाल. हात पुसत डॉक्टर म्हणाले, "या आजी, नात बघा."

"नात बघते हो सावकाश," काकू म्हणाल्या. "आधी लेकीला बघू द्या."