मीटरवाल्यांचं दान

“म्हणजे माझ्या हाडांत काय भुसा भरलाय?” मीटरवाल्यांनी पुन्हा विचारलं. पाच महिन्यांची गरोदर सून भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. मुलगा मोबाईलमध्ये डोकं खुपसून होता. मीटरवाल्यांची बायको शिवणयंत्रापाशी गिऱ्हाइकाच्या पँटची टीप उसवत होती. नवरा बोलायला लागला की उसवायचं काम काढायचं, ही तिची जुनी सोय.

मीटरवाले पाणीखात्यातले निवृत्त तपासनीस. झाकण न उघडताच ‘मीटर बरोबर आहे’ म्हणून ठणकावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि संसारही त्यांनी तसाच केला. शेजाऱ्याला कधी भर पावसात छत्री दिली नाही. बायकोला बाळंतपणात रक्त लागलं, तेव्हा हे गृहस्थ सर्दी झालीय म्हणून घरी पांघरूण घेऊन पडले होते. असा माणूस हाडातला मगज दान करायला निघाला, तेव्हा बायकोला कौतुकाआधी संशय आला.

सुनेच्या पोटातल्या बाळाचं रक्तच नीट बनत नव्हतं. अंगाला प्राणवायू पुरेना, सूज यायला लागली होती. दोष आईबाप दोघांकडून आलेला. आपल्या मुलाकडे तो कुठून आला, याचाही निकाल मीटरवाल्यांनी झाकण न उघडता देऊन टाकला होता: बायकोच्या माहेराकडून. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा प्रयोग सुचवला. बाळाला जन्माआधीच, नाळेतून, रक्त आणि त्याबरोबर मगजातल्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी द्यायच्या. रुजतीलच याची हमी नाही.

मगज कुणाचा, हे ऐकायला मीटरवाले थांबलेच नाहीत. ते केस कापून आले. बदाम खाऊ लागले, नवे बनियन आणले. जिन्यात, दूधवाल्याकडे, बँकेच्या रांगेत, जो सापडेल त्याला सांगत सुटले की घराण्याचं रक्त घराण्यालाच जाणार. लोक पाठ थोपटू लागले. आणि मग कळलं, मगज सुनेचा हवा.

“पोटातलं बाळ भोळं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या,” सून थकल्या आवाजात सांगत होती. “त्याच्या अंगातले राखणदार अजून शिकतायत. येईल त्याला बहुतेक आपलं म्हणतात. पण मी भोळी नाही, बाबा. तुमच्या पेशी आल्या तर माझं अंग त्यांच्यावर धावून जाईल, आणि तो मारा बाळापर्यंत पोचेल. उंदरांमध्ये तसं दिसलंय म्हणे. माझ्या पेशी त्याच्या अंगात आधीपासूनच येऊन-जाऊन आहेत. त्या त्याला परक्या वाटत नाहीत.”

“म्हणजे आम्ही परके?”

“तेवढ्यापुरते.”

मीटरवाले लालबुंद झाले. मग त्यांनी सुनेच्या अंगाला वळण नसल्यापासून डॉक्टरीणबाईंच्या वयापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला. आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारू म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मुलाने मान डोलावली. त्याने परवाच इस्पितळात फोन करून ठरलेली तारीख पुढे ढकलली होती, बाबांची समजूत पटेपर्यंत. सुनेला हे आत्ता त्याच्या तोंडून कळलं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. सूज अशीच वाढली तर नंतर देऊन उपयोग नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं.

“आणि लोकांना मी काय तोंड दाखवू?” मीटरवाले शेवटी मुद्द्यावर आले.

“आजवर दाखवलंत तेच,” बायको म्हणाली.

तिने पँट बाजूला ठेवली. उसवायचं काही राहिलं नव्हतं. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेतला, इस्पितळात फोन लावला, उद्याची वेळ मिळते का विचारलं आणि मिळाल्यावर आभार मानून फोन ठेवला.

“उद्या सकाळी ही आणि मी जातोय,” ती म्हणाली. “मगज हिचा, सही हिची. सोबत मी राहणार, दोन दिवस लागोत की चार. तुम्ही बापलेक घरी थांबा आणि स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा.”