डाव्या आरशातली मामी

माझ्या मामाकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या आणि त्या बारा महिने एका चार चाकी ट्रेलरवरच असायच्या. जिथे फुलं, तिथे ट्रेलर. खालच्या सपाटीवर सूर्यफूल फुललं की तिकडे, आणि वर उतारावरच्या सफरचंदाच्या बागा फुलल्या की इकडे. बागवाल्यांना माश्या हव्या असायच्या, कारण माश्या फिरल्या नाहीत तर फळ धरत नाही. मामाला मध हवा असायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

सफरचंदाचा बहर जेमतेम पंधरा दिवसांचा. तेवढ्यात पेट्या जागच्या हलवायच्या नाहीत आणि जीप तर रोज कामाला लागते. म्हणून ट्रेलर बागेत सोडून, जीप घेऊन घरी यायचं. सपाटीवर हे दोन मिनिटांचं काम. उतारावर मात्र चाळीस पेट्यांचं वजन खाली पळायला टपलेलंच असतं.

हे काम मामा आणि मामी मिळून करायचे. मामा जीपमध्ये, मामी खाली उभी. तिच्या हातात लाकडाचे चार तिरके ठोकळे, मामानेच कापलेले. त्या ठोकळ्यांचा मामाला इतका सोस, की गॅरेजवाला त्याला 'ठोकळे' म्हणायचा. पुढे सगळेच म्हणायला लागले, आणि एकदा तर शेती खात्यातून 'श्री. ठोकळे' अशा नावाने पत्र आलं. मामीने ते जपून ठेवलं होतं. "आता माझंही आडनाव बदललं म्हणायचं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मामा मुळात कमी बोलणारा. मामी त्याच्या वाटचंही बोलायची. पण ट्रेलर सोडताना उलटं व्हायचं. ती गप्प आणि एकाग्र. जीप चढणीकडे तोंड करून उभी राहिली, की मामी चाकांच्या मागे, उताराच्या बाजूला, ठोकळे घट्ट सारायची आणि बाजूला होऊन हात वर करायची. ती बुटकी होती, म्हणून जीपचा डावा आरसा मामा कायम खाली झुकवलेला ठेवायचा. आरशात तिचा हात दिसला की तो ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलायचा. ट्रेलर बोटभर मागे यायचा, ठोकळ्यांवर टेकायचा, आणि मामी ओरडायची, "बसली!" तिच्या लेखी ट्रेलरही गाडीच. मग मामा जीपचा हँडब्रेक ओढायचा.

तीस वर्षं बहराच्या दिवसांत पहाटे बागांमधून ती हाक ऐकू यायची, "बसली!"

मग त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, जुळी मुलं झाली. ताई परदेशात, दोन विमानं बदलून जावं लागतं तिथे. मुलं फार लवकर झाली होती. मुलगी सावरली, पण मुलाच्या हृदयात दोष निघाला. मामी सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. सहा महिन्यांचं वर्ष झालं. पहिली शस्त्रक्रिया झाली, दुसरी ठरली, ताईची नोकरी सुटून चालणार नव्हतं. मामी नाही तर त्या घरात बघणार कोण? कुणाचीच चूक नव्हती, त्यामुळे कुणावर रागावताही येत नव्हतं. बघता बघता चार वर्षं गेली.

मी त्याच गावात शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी मामाकडे जायचे, तेव्हा बारीकसारीक गोष्टी दिसायच्या. मामा उभ्याउभ्या जेवायचा. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, तर एकीवर वर्तमानपत्रं रचून ठेवली होती. ती रिकामी दिसू नये म्हणून असावी, असं मला उगीच वाटायचं. मामीचा शेतात घालायचा जुना स्वेटर दाराआडच्या खुंटीवर तसाच होता. मी एकदा धुवायला काढला तर म्हणाला, "असू दे. मळलेला नाहीये." कोपराला मेणाचे डाग स्पष्ट दिसत होते.

गॅरेजवाल्याने एकदा जीप दुरुस्त करताना डावा आरसा सरळ करून दिला. मामाने गाडी रस्त्यावर आणली, बाजूला घेतली, उतरला आणि आरसा पुन्हा खाली झुकवला.

"मामा, आता तर त्यात नुसती जमीन दिसते," मी म्हटलं.

"सवय आहे," तो म्हणाला.

ट्रेलर तो एकटाच सोडायचा. माणूस ठेव म्हटलं तर नको म्हणायचा. ठोकळे लावायला उतरायचं, जीपमध्ये चढून ब्रेक हळूच सोडायचा, ट्रेलर टेकला असं वाटलं की पुन्हा उतरून बघायचं. एका ट्रेलरपायी सहासात वेळा चढउतार, आणि वय सदुसष्ट.

रोज संध्याकाळी सात वाजता मामीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ. ती सगळं सांगायची, कोणी काय खाल्लं, कोण कधी झोपलं, डॉक्टर काय म्हणाले. मामा ऐकायचा. शेवटी त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "इकडची काळजी करू नकोस." फोन ठेवल्यावर मात्र तो काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसायचा. एकदा मी विचारलं, "काय बघतोस?" तर म्हणाला, "काही नाही. आवाज जरा वेळ राहतो."

चौथ्या वर्षी बहर आठवडाभर आधीच आला. मामाची धांदल उडाली. तीन दिवस धड झोप नव्हती, गुडघा दुखत होता, आणि त्या पहाटे गवत दवाने ओलंचिंब होतं. त्याने ठोकळे लावले, पण चाकांपासून वीतभर लांब राहिले. ट्रेलर त्यांच्यावर टेकवून घ्यायला पुन्हा जीपमध्ये चढावं लागलं असतं. तेवढंच त्याने टाळलं. ट्रेलरचा स्वतःचा ब्रेक ओढला, पण त्याची तार ताणून ढिली झाली होती. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालचा लोखंडी पाय फिरवून खाली टेकवला, आणि हुक सुटला तरी ट्रेलर जीपला धरून ठेवणारी, सगळ्यात शेवटी काढायची साखळीच आधी काढली. मग हुक उघडला.

ट्रेलर हिसका देऊन मागे गेला. एक ठोकळा ओल्या गवतावरून सटकला, दुसऱ्यावरून चाक सरळ चढून गेलं. आणि जे कधीही करू नये असं मामा दुसऱ्यांना शिकवायचा, नेमकं तेच त्याने केलं. दांडा हातांनी धरायला गेला. दांडा आडवा फिरला आणि त्याच्या बरगड्यांवर बसला. मामा फेकला गेला. ट्रेलर पंधरावीस फूट खाली जाऊन एका झाडाला अडला. तीन पेट्या फुटल्या. झाड नसतं, तर खालच्या वाटेवर बागेतल्या बायका कामाला येत होत्या.

बागवालीचा फोन मला शाळेत आला, दुसऱ्या तासाला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मामा पलंगावर उताणा पडला होता. दोन बरगड्यांना तडे, तोंडावर माश्यांचे चावे, एक डोळा सुजून बंद.

मला बघून म्हणाला, "मामीला सांगू नकोस."

"ती विचारेल की."

"सांगू नकोस म्हटलं ना."

चार दिवस फोन नादुरुस्त असल्याची थाप मारली. पाचव्या दिवशी, सूज उतरल्यावर, त्याने फोन घेतला. तो तोंडाजवळ धरला होता.

"अहो, लांब धरा तो फोन," मामी म्हणाली. "नुसतं नाक दिसतंय."

"बरं दिसतंय की."

तेवढ्यात नातू मध्ये घुसला. चार वर्षांचा, काडीसारखा, पण भारी खोडकर. तो बदकासारखा मान हलवत चालून दाखवायला लागला. मामाला हसू आलं आणि हसताहसता त्याने बरगडी धरली. चेहरा कळवळला. मी बाजूला उभी होते, मला माझी काळजी लपवता आली नाही आणि त्याला त्याची कळ.

मामीने नातवाला बाजूला केलं. "काय झालं?"

"काही नाही."

"ट्रेलर ना?" ती म्हणाली. "ठोकळ्यांवर टेकवून घेतला होता?"

मामाने बरगडीवरचा हात काढला.

"साखळी?"

मामा बाजूला बघायला लागला.

"अहो, दांडा तर नाही ना धरायला गेलात?"

मामाने मान खाली घातली. मला वाटलं आता ती चांगलीच झापणार. पण ती रडायला लागली. रडतरडत तिने जे सुनावलं, ते ऐकून मी खोलीबाहेर जायला निघाले होते, पण पाय निघेना.

"रोज ऐकते, इकडची काळजी करू नकोस. चार वर्षांत एकदा तरी 'ये' म्हणालात? मला वाटलं, झालं, यांचं माझ्यावाचून छान चाललंय. आता मी लागत नाही. रोज फोन ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते. तुमच्या लेकीला विचारा."

मामाने फोन लांब धरला, सगळा चेहरा दिसेल इतका. मग मामा म्हणाला, "लागतेस."

"काय?"

"लागतेस म्हटलं. फार लागतेस." मग घसा खाकरून, "ये."

ती लगेच येऊ शकली नाही. नातवाची शेवटची शस्त्रक्रिया पुढच्याच महिन्यात होती. पण दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "वही घे," म्हणाली, "आणि मी येईपर्यंत माझ्या जागी तू उभी राहायचंस."

मी खरंच वही घेतली. तिने एकेक पायरी सांगितली. ट्रेलर उताराला आडवा कधीच ठेवायचा नाही, सरळ ठेवायचा. ठोकळे उताराच्या बाजूला, चाकाला चिकटून, आणि गवत ओलं असेल तर आधी पायाने खरवडून माती उघडी करायची. स्वतः ट्रेलरच्या मागे उभं राहायचं नाही, मामा कितीही घाई करो. आधी टेकवायचा, मग ब्रेक, मग दांड्याच्या लोखंडी पायाखाली फळी, मग हुक. साखळी शेवटी. जीप हातभर पुढे घ्यायला लावायची आणि शंभर आकडे मोजायचे.

"शंभर?" मी विचारलं.

"ते मी माझ्या मनाने ठरवलंय. त्यांनाही माहीत नाही. पहाटेचं तेवढंच जरा स्वस्थ उभं राहायला मिळायचं."

पुढच्या फुलोऱ्याला, खाली नदीकाठच्या उतरणीवर, मी पहिल्यांदा ठोकळे घेऊन उभी राहिले. मामाने नवी तार बसवून घेतली होती. मी हात वर केला. ट्रेलर बोटभर मागे आला, लाकूड करकरलं आणि थांबला. काय ओरडायचं ते मला माहीत होतं, पण ती हाक मामीची होती, मला जड जात होती. मी नुसतीच उभी राहिले.

जीपमधून मामाचा आवाज आला, "अगं, बसली का?"

मामा मला कधीच तसल्या आवाजात हाक मारत नाही. त्या 'अगं'मध्ये तीस वर्षांच्या पहाटा होत्या. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. जीपचं दार उघडलं नाही, इंजिन चालू राहिलं.

"बसली, मामा," मी म्हटलं.

तो पुष्कळ वेळाने उतरला. डोळे पुसलेले होते. "धूर फार होतो या इंजिनाचा," म्हणाला.

नातवाची शस्त्रक्रिया पार पडली. पुढच्या बहराला मामी आली, चाळीस दिवसांसाठी. केस पांढरे झाले होते. पहिल्याच पहाटे ती सवयीने स्वेटर घालून निघाली. बागेत पोचल्यावर चुकीच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. मामा ओरडला, ती उलट ओरडली, "पाच वर्षं तिकडे लिफ्टमधून फिरलेय, उतार विसरायला झालंय जरा!" दोघं भर बागेत भांडली. मी ट्रेलरपासून लांब जाऊन फुलांकडे बघत राहिले. त्या चाळीस दिवसांत मामा जितका बोलला, तितका आधीच्या पाच वर्षांत बोलला नसेल.

मग ती गेली. जावं लागणारच होतं, नातवाची शाळा सुरू व्हायची होती. निघताना दोघांनी ठरवलं की हिवाळ्यात माश्या पेटीत गोळा होऊन बसतात, तेव्हा मामाने तिकडे जायचं. पेट्या मी बघायच्या. अडुसष्टाव्या वर्षी मामाने पासपोर्ट काढला. त्या फोटोत तो इतका घाबरलेला दिसतो की मला अजून हसू येतं.

तो दहा आठवडे राहून आला. मला वाटलं होतं, आता हलका होऊन येईल. तसं झालं नाही. आधी एकाच माणसाची ओढ होती, आता नातवाचीही लागली. त्या पोराने त्याला झोपताना गोष्टी सांगायला लावल्या होत्या, आणि आता ती गोष्ट त्याला रोज फोनवर, तिकडच्या सकाळी, हवी असते. ज्या माणसाने आयुष्यात गोष्ट सांगितली नाही, तो आता संध्याकाळी सातच्या आधी अंगणात फेऱ्या मारत आजची गोष्ट मनात जुळवत असतो.

परवा गेले तेव्हा तसाच फेऱ्या मारत होता. मी म्हटलं, "मामा, अजून अर्धा तास आहे."

"माहीत आहे गं," तो म्हणाला, आणि पुन्हा फाटकापर्यंत चालत गेला. "पण त्या अर्ध्या तासाचं करायचं काय, ते सांग."