भाऊ बेहेऱ्यांचं ब्रह्मास्त्र

विलेपार्ल्याच्या आमच्या गल्लीत इंग्रजी वाचता सगळ्यांना येत होतं. बोलायचं काम तेवढं भाऊ बेहेऱ्यांवर सोडलेलं होतं. फोर्टमधल्या एका कचेरीत तीस वर्षं स्टेनोगिरी करून ते अडुसष्ट साली निवृत्त झाले आणि साहेबांची वाक्यं घरी घेऊन आले. दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर फुकट क्लास भरे. 'फूलप्रूफ' म्हणजे गाढवाच्या हाती दिलं तरी बिघडत नाही असं. 'टाइम-टेस्टेड' म्हणजे काळाने पारखलेलं. आणि मुलाखतीसाठी राखून ठेवलेलं ब्रह्मास्त्र: 'आय फॉलो ट्राइड अँड टेस्टेड मेथड्स, सर.' म्हणजे करून बघितलेल्या, पारखलेल्या पद्धतीनेच काम करतो.

"कामाबद्दल काहीही विचारू देत," भाऊ सांगत, "हे टाकायचं. साहेब गार."

अंधेरीच्या एका औषध कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली, तेव्हा भाऊंचे पाच विद्यार्थी गेले. त्यांत माझी बहीण नीला. ही नोकरी हुकली तर दिवाळीनंतर तिची रवानगी सांगलीला, आत्याकडे. आणि आत्याने तीन स्थळं काढून ठेवलेली.

नीलाचा नंबर शेवटचा. पार्टिशन प्लायवूडचं, त्यामुळे आतलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू येत होतं. शिवदास म्हणाला, ट्राइड अँड टेस्टेड. शकु म्हणाली, ट्राइड अँड टेस्टेड. उत्तरा तेच जरा गोड आवाजात म्हणाली. चंद्रप्रकाशच्या वेळी आत कुणीतरी खोकल्याच्या मिषाने हसलं.

नीला आत गेली. साहेबांनी मराठीतच विचारलं, "तुम्हीही तेच सांगणार?"

"नाही सर. चौघांनी करून बघितलं. उपयोग झालेला दिसत नाही."

"मग तुमची पद्धत काय?"

"हळू टाइप करते. पुन्हा करावं लागत नाही."

साहेबांनी मशीन तिच्यापुढे सरकवलं आणि एक पत्र टाइप करायला दिलं. पत्रात एकही चूक निघाली नाही.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. नीला पेढे घेऊन भाऊंकडे गेली, जरा भीतभीतच.

"माझं वाक्य कामी आलं ना गं?"

"ते बाकीच्यांनी वापरलं, भाऊ. म्हणून मला मिळाली."

भाऊंनी पेढा सावकाश संपवला. "म्हणजे आलंच की."

पुढच्या मंगळवारी ओट्यावर नवा धडा होता: मुलाखतीला नेहमी शेवटी जावं, अगदी 'शुअर-फायर', म्हणजे हमखास. महिन्याभराने त्याच कारखान्यात दुसरी जागा निघाली. शिवदास, शकु आणि चंद्रप्रकाश बाकावर बसून एकमेकांना "तू जा ना आधी" करत राहिले, आणि साहेब जेवायला निघून गेले.